जुन्या सायकलीवरून बेडसे, भाजे, कार्ले

मावळातली लेणी पाहायची म्हणजे गाडी भाड्याने घ्यायची, पहाटे निघायचे आणि रात्रीपर्यंत तिन्ही ठिकाणे उरकून परत यायचे, असा हल्ली रिवाज पडला आहे. आम्ही मात्र सायकलीवर गेलो, आणि त्या सायकलीही दुकानातून तयार आणलेल्या नव्हत्या. भंगारात निघालेल्या दोन आणि घरात माळ्यावर पडलेली एक, अशा तीन सायकली आम्ही मिस्त्रीकडे बसून नव्याने बांधून घेतल्या. डांबरी रस्ता, खडीचा रस्ता, चिखल आणि घाट, सगळीकडे चालेल आणि मागे दोन पिशव्या घेऊन रात्रीच्या मुक्कामाला जाता येईल, अशी सायकल किती पैशांत होते, याचा हिशेब वाचक बंधू-भगिनींच्या उपयोगी पडेल. म्हणून वाटेच्या हकिकतीबरोबर तोही येथे देत आहोत.

आम्ही म्हणजे पिंपरीच्या एका वस्तीतले तिघे. दोघे भाऊ कारखान्यात कामाला आणि तिसरी आमची बारावी झालेली भाची. विषय तिच्यापासूनच निघाला. तिला कॉलेजला जाण्यासाठी सायकल हवी होती. दुकानात गिअरच्या सायकलीचा भाव अठरा ते वीस हजार निघाला. दुकानदार हप्ते बांधून द्यायला तयार होता. ताई शिवणकामावर घर चालवते. ती एवढेच म्हणाली, "हप्ता फिटेपर्यंत सायकल जुनी होते, आणि मधला एक हप्ता चुकला तर झोप जाते." ताईचे म्हणणे खोटे नव्हते. पण मुलगी चालत किंवा सहा आसनी रिक्षात लोंबकळत कॉलेजला जाणार, हेही मनाला पटत नव्हते.

आपल्या लोकांच्या लेखी सायकल ही कधी नुसती हौस नव्हती. आमचे थोरले मामा सांगत, त्यांच्या तरुणपणी गावात वरच्या आळीतून सायकलवर बसून जाता येत नसे. खाली उतरून ती हाताने न्यावी लागे आणि आळी संपली की मग टांग मारायची. १९२९ साली चाळीसगावला बाबासाहेबांवर काय प्रसंग आला, तेही आपल्याला ठाऊक आहे. टांगेवाल्यांनी त्यांना नेण्यास नकार दिला. महारवाड्यातल्या लोकांना साहेबांनी पायी यावे हे रुचेना, म्हणून त्यांनी टांगा मिळवला आणि हाकायला आपलाच माणूस बसवला. त्याला टांगा हाकण्याचा सराव नव्हता. मोरीवर चाक अडकले, बाबासाहेब खाली फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. या प्रसंगातला अपमान आपण सर्वजण सांगतो. आमच्या मनात त्यातली आणखी एक गोष्ट राहिली आहे. वाहन हाती आले तरी ते चालवायचे आणि सांभाळायचे कसब हाती नसेल, तर मोरी पार होत नाही. म्हणून आम्ही आधीच ठरवले की सायकल बांधून घ्यायची तर भाचीने मिस्त्रीच्या शेजारी बसायचे आणि प्रत्येक नट तिच्या हातून फिरायचा.

वस्तीच्या तोंडाशी टपरीत बसणारे मिस्त्री चाचा चाळीस वर्षे हेच काम करतात. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले, "बेटा, फ्रेम म्हणजे हाड. रंगाला भुलू नको." जुन्या बाजारात आम्ही तासभर फिरलो आणि पोलादी फ्रेमच्या, २६ इंची चाकाच्या दोन जुन्या डोंगरी सायकली अठराशेला एक याप्रमाणे घेतल्या. तिसरी अशीच आमच्या माळ्यावर होती. नव्वदच्या दशकात 'रेंजर' आणि तसल्या जाड टायरच्या सायकलींची मुलांना भारी ओढ होती. त्यातल्या कित्येक आज गच्चीवर आणि जिन्याखाली गंजत पडलेल्या आहेत. हाच आपल्यासारख्यांचा खजिना आहे. पोलादी फ्रेम जड असते, पण वाकली तर सरळ करता येते आणि तुटली तर कोणत्याही गावात वेल्डिंगवाला जोडून देतो. अॅल्युमिनियमच्या फ्रेमचे तसे होत नाही.

फ्रेम घेताना चाचांनी काय काय पाहिले? आधी सीटची दांडी हलते का ते पाहिले, कारण जुन्या सायकलीत ती आत गंजून बसते आणि मग उंची बदलता येत नाही. नंतर चिमटा पुढून आणि बाजूने सरळ आहे का, जोडांजवळ रंगाला केसासारखी चीर आहे का, आणि क्रँकचा धुरा हाताने हलवल्यावर खडखडतो का, हे तपासले. सर्वात महत्त्वाचे म्हणजे चिमट्यावर आणि मागच्या दांड्यांवर ब्रेक बसवायच्या खुंट्या आहेत का ते पाहिले. एका सायकलीला त्या नव्हत्या. रंग छान होता, तरी चाचांनी ती परत ठेवली.

मापाचेही सांगितले पाहिजे. सीटवर बसून पायडल सगळ्यात खाली नेले आणि त्यावर टाच ठेवली, की पाय सरळ व्हावा. एवढी उंची ठेवली की गुडघे दुखत नाहीत. आपल्याकडे मुलींना सीट फार खाली ठेवून चालवायला शिकवतात, दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून. पाच किलोमीटरला ते चालते, पन्नासला चालत नाही.

आता चाकांकडे येऊ. आमचा सर्वाधिक पैसा येथे गेला, आणि तो येथेच जायला हवा असे आमचे ठाम मत आहे. जुन्या सायकलींच्या रिमा पोलादी, वर चकचकीत मुलामा. कोरड्या दिवसात त्या बऱ्या. पण पोलादी रिम भिजली की ब्रेकचे रबर तिच्यावरून घसरते आणि सायकल थांबायला कितीतरी जास्त अंतर घेते. मावळात जून ते सप्टेंबर रिम कोरडी राहतच नाही. म्हणून तिन्ही सायकलींना ३६ भोकांच्या अॅल्युमिनियमच्या रिमा घातल्या. तारा, हब आणि चाक विणायच्या मजुरीसह जोडीला १,९०० रुपये पडले. चाक विणण्याचे काम भाचीला इतके आवडले की मागचे चाक तिने चाचांच्या देखरेखीखाली स्वतः विणले. तार ताणली की बोटाने छेडायची. एका बाजूच्या सगळ्या तारांचा आवाज सारखा आला की ताण सारखा. आवाज बसका आला तर ती तार सैल. चाचांना कमी ऐकू येते, तरी तारेचा आवाज ते बोटांनाच ऐकू आल्यासारखा ओळखतात.

टायर घेताना एक सावधगिरी बाळगावी. टायरवर २६ लिहिले म्हणजे सगळे टायर सारखे नव्हेत. जुन्या लेडीज सायकलीचा २६ × १ ३/८ हा टायर ५९० मिलिमीटरच्या रिमवर बसतो, तर डोंगरी सायकलीचा २६ × १.९५ हा ५५९ च्या. दोन्ही २६ च, पण एकाचा दुसऱ्यावर बसणार नाही. टायरच्या कडेला हे आकडे बारीक अक्षरात लिहिलेले असतात, ते वाचून घ्यावे. आम्ही १.९५ रुंदीचे, मधोमध जवळपास गुळगुळीत आणि कडेला दाते असलेले टायर निवडले. डांबरावर मधला भाग पळतो आणि चिखलात कडेचे दाते धरतात. पूर्ण खडबडीत टायर दिसायला मर्दानी दिसतो, पण हमरस्त्यावर घूं घूं करत पायातले बळ खातो.

ब्रेक लांब हातांचे, व्ही आकाराचे घेतले. त्यांना केबल जास्त ओढावी लागते, म्हणून मुठीतला दांडाही त्याच जातीचा हवा. जुना दांडा ठेवून पैसे वाचवायला जाऊ नये, ब्रेक धड लागत नाही. ब्रेक, दांडे आणि केबल मिळून ७५० रुपये झाले.

गिअरबद्दल लोकांचा समज असा, की गिअर पळण्यासाठी असतात. आम्हाला ते चढण्यासाठी हवे होते. आपल्या जुन्या काळ्या सायकलीला समजा पुढे ४४ आणि मागे १८ दाते असले, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर जाते. सपाटीला ते ठीक. घाटात माणूस उभा राहून दाबतो आणि शेवटी उतरतो. आम्ही पुढे ४२, ३४ आणि २४ दात्यांच्या तीन चकत्या ठेवल्या आणि मागे १४ पासून ३४ दात्यांपर्यंतची सात चकत्यांची फ्री बसवली. सर्वात हलक्या गिअरमध्ये एका फेऱ्यात सायकल सुमारे दीड मीटरच पुढे जाते. म्हणजे चालण्याच्याच वेगाने, पण बसून आणि ओझ्यासकट चढता येते. एवढी मोठी फ्री घातली की मागचा गिअर बदलणारा भागही लांब दांडीचा लागतो. फ्री, चेन आणि हा भाग धरून १,४०० रुपये. पुढच्या तीन चकत्या सायकलीबरोबर आलेल्याच घासून वापरल्या.

टायर-ट्यूब १,२००, घंटी, दिवे, तांबडे रिफ्लेक्टर आणि रंग ४५०. चाचांनी जोडणीचे सहाशे मागितले. चार संध्याकाळी त्यांनी आमच्या मुलीला शिकवले होते, सहाशे देणे शोभले नसते. सायकलीमागे हजार दिले. बाजारातल्या दोन्ही सायकली प्रत्येकी ८,५०० रुपयांत उभ्या राहिल्या; माळ्यावरची त्याहून अठराशेने स्वस्त. भाव गावागणिक बदलतील, पण कशावर किती खर्च करायचा त्याचे प्रमाण फारसे बदलू नये.

टपरीच्या फळीवर अॅटलसचा एक जुना पत्रा ठोकलेला आहे. त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला, आणि तो दिवस जागतिक सायकल दिनाचा होता. चाचा तो पत्रा अजून पुसतात.

पिशव्या ताईने शिवल्या. जुनी ताडपत्री, दप्तरांचे पट्टे आणि आतून खताच्या गोणीचे अस्तर. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या. पिशवी थोडी मागे सरकवून बांधावी, नाही तर पायडल मारताना टाच लागते. सामान माणशी आठ किलोंच्या वर जाऊ दिले नाही. या जातीच्या मागच्या हबचा एक दोष आहे. फ्रीच्या बाजूचे छर्रे आत असतात आणि धुरीचा बराच भाग आधाराविना राहतो. ओझे जास्त झाले आणि खड्डा आला की धुरी वाकते. म्हणून पांघरुणे पुढे हँडलला बांधली. हत्यारांत दोन पाने, एक पेचकस, पंक्चरचे सामान, जादा ट्यूब, हातपंप, चार तारा आणि चेनची एक कडी, बस्स.

गेल्या वर्षी सप्टेंबरअखेर, पाऊस ओसरत आला असताना आम्ही निघालो. एक्स्प्रेस वेवर सायकलीला बंदी आहे, त्यामुळे जुना मुंबई रस्ताच धरायचा. निगडी ओलांडून देहूरोडला आलो, तेव्हा नुकते उजाडले होते. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी ज्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली, तेथे वंदना करून पुढे गेलो. सोमाटणे, तळेगाव, वडगाव, कामशेत हा पट्टा ट्रकांचा आहे. त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. कडेने, एकामागे एक, आणि तांबडा दिवा चालू ठेवून जावे.

कामशेतला पवनानगरकडे वळलो आणि रस्त्याचा चेहराच बदलला. दोन्ही बाजूंना भात पोटरीवर आलेला, डांबर मधेच संपून खडी, पुन्हा डांबर. येथे आमच्या जाड टायरांनी पहिल्यांदा आपले काम दाखवले. बेडसे गावात एका घराच्या ओसरीवर सायकली लावल्या आणि चारएकशे पायऱ्या चढून वर गेलो. हे लेणे पूर्वेला तोंड करून आहे, म्हणून ते सकाळी पाहावे. दर्शनी खांबांच्या माथ्यावर हत्ती, घोडे आणि बैल, आणि त्यांवर स्वार झालेली स्त्री-पुरुषांची जोडपी. शेजारचा विहार तर वेगळाच, मागची भिंत गोल वळवलेली आणि वर घुमटी छत, जणू चैत्यातच भिक्खूंच्या खोल्या कोरल्या आहेत. तेथे आमच्याशिवाय कोणी नव्हते. गाडीने येणारी मंडळी बहुधा हेच लेणे वगळतात, आणि आमच्या मते तिन्हींत शांत असे हेच आहे. ओट्यावर बसून भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि उकडलेली अंडी खाल्ली. कागद, टरफले परत पिशवीत.

पवनानगरहून धरणाच्या पाण्याच्या कडेने दुधिवरे खिंडीकडे रस्ता चढतो. दुपारी पावसाची सर आली. गिअर सर्वात हलक्यावर टाकला आणि दीड-दीड मीटरने आम्ही वर सरकू लागलो. मागून मोटारसायकलवर आलेली दोन पोरे म्हणाली, "काका, उतरा की, चालत लवकर पोहोचाल." भाची हसून म्हणाली, "दादा, आम्हाला लवकर नाही, बसून पोहोचायचंय." खिंडीपर्यंत ती एकदाही उतरली नाही. आमच्यातल्या थोरल्याला दोनदा थांबावे लागले, पण त्यात सायकलीचा दोष नव्हता, वयाचा होता. तेथून लोहगडवाडीला जाऊन एका घरी पैसे देऊन मुक्काम केला. लोहगड २०२५ च्या जुलैमध्ये इतर अकरा किल्ल्यांसोबत जागतिक वारसा यादीत गेला, त्यामुळे येथे वर्दळ वाढती आहे. रात्रीच्या वस्तीची सोय आधी विचारून ठेवलेली बरी.

ताईची खरी काळजी दुसऱ्या दिवसाच्या उताराबद्दल होती. लोहगडवाडीहून भाज्याकडे उतरणारा रस्ता तीव्र आहे, काही जागी सिमेंट, काही जागी सुटी खडी, आणि सकाळी सगळे ओले. निघण्यापूर्वी तिने फोनवर तीनदा विचारले, "ब्रेक पाहिलेत ना?" पाहिले होते. उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवू नये, दाबून सोडावा, पुन्हा दाबावा. अंग मागे घ्यावे. खडीवर पुढचा ब्रेक हलक्या हाताने. एका वळणावर समोर म्हशी आडव्या आल्या. भाची सगळ्यात पुढे होती. आम्ही मागून पाहत होतो आणि ओरडण्याइतकाही वेळ नव्हता. तिने दोन्ही दांडे ओढले, मागचे चाक जरासे सरकले आणि सायकल म्हशीपासून हातभर अलीकडे उभी राहिली. पोलादी रिमा ठेवल्या असत्या तर रिमांमागचे पैसे वाचले असते. त्या वळणावर आम्हा दोघा भावांना त्या पैशांची किंमत कळली. ताईला हे सारे आम्ही घरी पोहोचल्यावरच सांगितले.

भाज्याचे लेणे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले. बावीस लेण्यांचा हा समूह, आणि कडेला ओळीने उभे असलेले चौदा स्तूप. चैत्याच्या छताला लाकडी फासळ्या आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीच्या मूळ. दगडाच्या छताला लाकडाच्या फासळ्यांची गरज नाही, पण लाकडी बांधकामाची सवय कारागिरांच्या हातातून गेली नव्हती. तेथून मळवली स्टेशन जवळ आहे, आणि हमरस्ता ओलांडला की कार्ल्याचा फाटा.

कार्ल्याचा चैत्य सुमारे १२४ फूट लांब, भारतात कोरलेल्या चैत्यगृहांत सर्वात मोठा. हे सारे घाटमार्गाच्या काठी का कोरले गेले, हे सायकलीवर आले की पायांना समजते. सोपारा-कल्याणच्या बंदरांतून माल चढवून आणणाऱ्याला घाट चढल्यावर थांबायला जागा हवीच होती. दान देणाऱ्यांची नावे भिंतींवर आणि खांबांवर कोरलेली आहेत. त्यांत व्यापारी आहेत, भिक्खू आहेत, धेनुकाकटाचे यवन आहेत. आणि एका लेखात सामी नावाच्या सुताराने, 'वढकी' असा आपला धंदा सांगून, दार करवून दिल्याची नोंद आहे. तोही धेनुकाकटाचाच. भाचीने तो लेख कोठे आहे हे पहारेकऱ्याला विचारून शोधून काढला. अक्षरे तिला वाचता येत नव्हती, पण ती बराच वेळ त्यांच्यापुढे उभी होती. मग म्हणाली, "मामा, चाचांनी आपल्या चाकावर नाव कुठे लिहिलंय?"

परतीला उतार आणि पाठीशी वारा होता, संध्याकाळपर्यंत पिंपरीत आलो. दोन दिवसांत शंभरएक किलोमीटर झाले, आणि एक पंक्चर, तेही बाभळीच्या काट्याने वडगावजवळ. दुसऱ्या दिवशी सायकली टपरीत नेल्या. मागच्या एका चाकाची तार सैल निघाली आणि चेन चिखलाने भरली होती. चाचा पाना शोधू लागले, तेवढ्यात भाचीने तार ताणून, छेडून पाहिलीसुद्धा. आता ती त्याच सायकलीने कॉलेजला जाते. वस्तीतल्या आणखी दोन मुलींनी जिन्याखालच्या सायकली बाहेर काढल्या असून, रविवारी सकाळी टपरीसमोर त्यांची चाके उलटी करून ठेवलेली असतात.